थोडी खाजवते, एवढंच

गेल्या पावसाळ्यात मी आमच्या कुत्रीसाठी दुसरं घर शोधत होतो. हे उघडपणे लिहायला मला जवळजवळ वर्ष लागलं, कारण दोन्ही बाजूंनी बोलणी खावी लागणार हे ठाऊक होतं. प्राणिप्रेमी विचारणार, आजारी जिवाला असं टाकतात का? आणि आमचे काही नातेवाईक विचारणार, मुसलमानाच्या घरात कुत्रं आणलंच कशाला होतं? या दोघांना उत्तर देण्यासाठी हे लिहीत नाही. ज्यांच्या घरी रात्रंदिवस खाजवणारं कुत्रं आहे, आणि जे रात्री अडीच वाजता त्याच्या पट्ट्याची खुळखुळ ऐकत ‘आता बास झालं’ असं मनाशी म्हणत पडलेले असतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

जिनी आमच्याकडे आली तेव्हा दोन वर्षांची होती. मिरजेत गावाबाहेरच्या वसाहतीत आमचं घर. गल्लीतली दोन घरं एका महिन्यात फुटली आणि कुत्रं पाळायचा विषय निघाला. अम्मीने आधी मशिदीतल्या मौलानांना विचारून घेतलं. राखणीसाठी हरकत नाही, नमाजच्या जागेपासून लांब ठेवा, असं ते म्हणाले. ओळखीतून कळलं, एका गृहस्थांची बदली झालीय आणि त्यांना त्यांची लॅब्रॅडॉर कुत्री चांगल्या घरी द्यायचीय. आम्ही बघायला गेलो. ती येऊन माझ्या बुटांवरच बसली. लॅब्रॅडॉर राखण करतं म्हणजे आलेल्या प्रत्येकाचं स्वागत करतं, हे पुढे कळलं; पण तोवर ती आमची झाली होती. ‘जिनी’ हे नाव ऐकून अम्मी दचकली. घरात जिनाचं नाव कशाला, म्हणून तिने पहिल्याच दिवशी तिची ‘रानी’ केली. कुत्री दोन्ही नावांना शेपूट हलवते.

निघताना त्या गृहस्थांनी लसीकरणाचं पुस्तक हातात दिलं आणि म्हणाले, “उन्हाळ्यात थोडी खाजवते, एवढंच. आंघोळ घातली की बरी.” पुस्तकाच्या मागच्या पानावर पेनाने सहा तारखा लिहिलेल्या होत्या. त्या आम्हाला लसीच्या वाटल्या. खाजेच्या इंजेक्शनच्या होत्या, हे कळायला बराच काळ गेला.

पहिला उन्हाळा ती खरंच थोडीशीच खाजवत होती. पावसाळा लागला आणि चित्र पालटलं. आधी ती पुढचे पंजे चाटायला लागली. तासन् तास चाटायची, इतकी की पांढुरके केस तांबूस झाले. मग काखा, पोट, मांड्यांची आतली बाजू लाल झाली. मग कान. कानांतून तपकिरी मळ आणि आंबूस वास. दोन महिन्यांत पोटाची कातडी काळपट आणि जाड झाली, जुन्या टायरसारखी. घरात पाहुणा आला की आधी नाक वर करायचा आणि मग आमच्याकडे बघायचा.

आम्ही डॉक्टरकडे गेलो. इंजेक्शन दिलं, तीन दिवसांत जादू झाली, तीन आठवड्यांनी पुन्हा मूळपदावर. दुसऱ्यांदा गेलो, पुन्हा इंजेक्शन. तिसऱ्यांदा आम्ही डॉक्टर बदलला. नव्या डॉक्टरांनी नवं इंजेक्शन दिलं. ते त्याच जातीचं होतं. दीड वर्षात तीन गावांतले पाच डॉक्टर झाले. दर वेळी आमचा प्रश्न एकच: “कधी बरी होईल?” आणि दर वेळी उत्तर मिळायचं, “होईल, होईल.” मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, लांबलांबून लोक इथे उपचाराला येतात. ‘आयुष्यभर’ हा एक शब्द मात्र आम्हाला दीड वर्ष कुणी ऐकवला नाही.

या काळात सल्ले फुकट मिळत होते. कडुनिंबाचा पाला, हळद आणि खोबरेल, दही, तुरटीचं पाणी. गॅरेजवाल्या शेजाऱ्याने जळकं ऑइल लावायला सांगितलं, त्याच्या गावाकडे सगळे तेच लावतात म्हणे. वाचकांपैकी कुणी हे करत असेल तर कृपया थांबा. कुत्रं अंग चाटतं, म्हणजे लावलेलं सगळं पोटात जातं, आणि जळकं ऑइल हे विष आहे. घरातलं फरशीचं जंतुनाशक पाण्यात टाकून आंघोळ घालणंही तितकंच वाईट. आम्ही जळकं ऑइल लावलं नाही. पण माणसांचा शाम्पू महिनाभर वापरला. कुत्र्याची त्वचा आपल्यापेक्षा वेगळी असते, आपला शाम्पू तिला मानवत नाही, हेही उशिराच समजलं.

अखेर कोल्हापूरच्या एका डॉक्टर बाईंकडे गेलो. त्यांनी औषध लिहायच्या आधी अर्धा तास प्रश्न विचारले. खाज किती वयात सुरू झाली? आधी खाज आली की आधी पुरळ? ठरावीक ऋतूत वाढते का? घरात माणसांपैकी कुणाला खाज आहे का? मला त्या लसीच्या पुस्तकाचं मागचं पान आठवलं. ते पान बघून त्या म्हणाल्या, “हे तुमच्याकडे येण्याआधीपासून आहे.” मग कातडी खरवडून खरुजेचे किडे आहेत का ते पाहिलं, कानातला मळ काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघितला. आणि मग त्यांनी जे सांगितलं, ते दीड वर्षापूर्वी ऐकायला मिळालं असतं तर आमचे पैसे आणि जिनीची कातडी दोन्ही वाचलं असतं.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. पुष्कळ कुत्र्यांना जन्मतःच ॲलर्जीची प्रवृत्ती असते. लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, पग यांसारख्या जातींत ती जास्त दिसते. बहुतेकांत ती सहा महिने ते तीन वर्षं या वयात डोकं वर काढते. घरातल्या धुळीतले डोळ्यांना न दिसणारे किडे, परागकण, बुरशी, या साध्या गोष्टींवर त्यांचं शरीर शत्रू समजून तुटून पडतं. माणसाला अशा वेळी शिंका येतात किंवा दमा लागतो. कुत्र्याला खाज सुटते. खाजवून कातडी फाटते. त्या कातडीवर एरवी गुपचूप राहणारे जंतू आणि यीस्ट माजतात, त्यांनी खाज आणखी वाढते. तो वास या यीस्टचा. स्टेरॉइडचं इंजेक्शन खाज दाबतं, पण ते वरचेवर घेतलं की तहान, भूक, लघवी, वजन सगळं वाढतं आणि पुढे इतर दुखणी मागे लागतात. “ही पूर्ण बरी होणार नाही,” त्या म्हणाल्या, “पण बऱ्यापैकी सुखात राहू शकेल. ते तुम्ही किती नेमाने करता त्यावर आहे.”

गाडीत बसल्यावर बायको रडली. मला मात्र, खोटं कशाला सांगू, राग आला. डॉक्टर बाईंचा नाही. त्या बुटांवर येऊन बसलेल्या कुत्रीचाच.

पुढचं वर्ष शिस्तीचं गेलं. आधी पिसवा आणि गोचीड यांचा बंदोबस्त. ज्याला पिसवांच्या लाळेची ॲलर्जी असते त्या कुत्र्याला थोडे चावेही पुरतात. मग जंतू आणि यीस्टवरचे उपचार. मग खाण्याची परीक्षा. काही कुत्र्यांना चिकन, बीफ, दूध, गहू अशा पदार्थांची ॲलर्जी असते आणि ती ओळखायचा खात्रीचा मार्ग एकच: पूर्वी कधीही न खाल्लेलं अन्न निदान आठ आठवडे द्यायचं, दुसरं काहीही नाही. आमच्या घरात ती चिकन, मटण, अंडी सगळं खाऊन बसलेली. बायको रत्नागिरीकडची, त्यामुळे आठवड्यातून तीनदा मासे, तेही बाद. शेवटी प्रथिनं बारीक तोडून बनवलेलं खास खाद्य आणलं. त्याच्या पोत्याची किंमत ऐकून अम्मी म्हणाली, “एवढ्यात आपला महिन्याचा तांदूळ येतो.” सहाव्या आठवड्यात बकरी ईद आली. घराघरात मटण, आणि पाहुण्यांच्या पोरांना कुत्रीला हाड घालायची हौस. आम्ही आळीपाळीने तिच्याजवळ पहारा दिला, तरी कुणीतरी एक हाड सारलंच. परीक्षा दोन आठवड्यांनी लांबली. एवढं करून निकाल लागला तो हा, की चिकन निर्दोष आहे. दोष धुळीत किंवा हवेत होता. घराशेजारच्या मोकळ्या प्लॉटवर माजलेल्या गाजर गवतावर डॉक्टरांनी नुसता संशय घेतला. १९५०च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा दिसलेलं हे गवत आता आपल्याकडे कुठे नाही? त्यापासून पळून जाणार कुठे?

मग रोजच्या गोळ्या सुरू झाल्या, ओक्लासिटिनिब नावाच्या. त्याने खाज एका दिवसात उतरली. आठवड्यातून दोनदा औषधी शाम्पू लावून दहा मिनिटं थांबायचं आणि मग धुवायचं. फिरून आली की पंजे धुवून कोरडे करायचे. कान साफ करायचे. तिचं अंथरूण दर आठवड्याला गरम पाण्यात. ठरावीक दिवसांनी रक्ततपासणी. सगळं मिळून महिन्याला सहा हजारांच्या आसपास. माझा पगार बरा आहे, पण मुलीची शाळा, अम्मीची शुगर आणि घराचा हप्ता या तिन्हींच्या शेजारी हा आकडा रोज दिसायचा.

आणि एवढं करूनही गेल्या पावसाळ्यात पुन्हा भडका उडाला. बाहेर दमट हवा, कपडे वाळत नाहीत, कुत्री वाळत नाही. दोन्ही कान पिकले. अकरा रात्री आम्ही धड झोपलो नाही. बायको शाफई घरातली. कुत्र्याची ओली लाळ किंवा ओलं अंग लागलं की सात वेळा धुवायचं, त्यातलं एकदा मातीने, हे ती लहानपणापासून शिकलेली. आम्ही हनफी, आमच्याकडे नियम थोडे सैल. तरी तीन वर्षं ती तिच्या पद्धतीने सगळं सांभाळत आली होती. जिनीला आंघोळ मी घालायची, कान मी साफ करायचे, असं आमचं ठरलेलं. पण मी फिरतीवर गेलो की ते तिच्यावर यायचं. आंघोळ कुत्रीला, मग स्वतःला, मग कपडे, मग फजरची नमाज. एका पहाटे ती शांतपणे म्हणाली, “अहो, मला आता होत नाही.” भांडून म्हणाली असती तर मी भांडलो असतो.

म्हणून मी मोबाइलवर मजकूर तयार केला. ‘प्रेमळ लॅब्रॅडॉर, मादी, वय साडेचार वर्षं, लसीकरण पूर्ण, मुलांसोबत उत्तम. चांगल्या घरी मोफत देणे आहे.’ चार ग्रुपवर टाकला. संध्याकाळपर्यंत सहा फोन आले.

त्यातले एक गृहस्थ चांगले वाटले. शेत होतं, शेतावर घर, दोन नातवंडं. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात एक चित्र असतं: कुत्रं शेतावर मोकळं हिंडेल, तिथली हवा चांगली, तिथे ते आपोआप बरं होईल. मी बघायला गेलो. माणूस सज्जन होता. चहा झाला. गोठ्याजवळ गवत गुडघ्याएवढं वाढलेलं, एक गावठी कुत्रं साखळीला, त्याच्या कानात गोचिडांचे मणी. त्यांनी सहज विचारलं, “काही आजार वगैरे नाही ना?”

आणि माझ्या तोंडून निघालं, “नाही तसं काही. पावसाळ्यात थोडी खाजवते, एवढंच.”

ऋतू बदलला होता, वाक्य तेच होतं. ज्या माणसाला मी तीन वर्षं मनातल्या मनात शिव्या घालत होतो, त्याच्या खुर्चीत मी जाऊन बसलो होतो. तिथे बसल्यावर तो मला समजलाही. त्याने मला फसवायचं ठरवलं नसावं. तो दमला होता, आणि दमलेल्या माणसाला खरं बोलणं परवडत नाही, असं त्याला वाटलं असावं.

माझ्या अब्बांचं भुसार दुकान होतं. लहानपणी ते एक गोष्ट सांगायचे, हदीसमधली. पैगंबर बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या एका राशीत हात घातला, तर बोटांना ओल लागली. विक्रेता म्हणाला, पाऊस पडला होता. पैगंबरांनी विचारलं, मग भिजलेलं धान्य लोकांना दिसेल असं वर का नाही ठेवलंस? फसवणाऱ्याशी आपला संबंध नाही, असंही त्यांनी त्याला सुनावलं. अब्बा पोतं उघडलं की तळात हात घालून मूठभर धान्य वर काढून ठेवायचे. गिऱ्हाईक हसायचं. मी त्या शेतावरून परत निघालो तेव्हा जिनीची ओल मी तळाशी ठेवली होती.

रात्री त्या गृहस्थांना फोन केला. सगळं सांगितलं: आजार, गोळ्या, खर्च, आंघोळी, कान. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “सांगितलंत ते बरं केलंत. आमच्याच्यानं नाही व्हायचं.” मजकूर मी चारही ग्रुपवरून काढून टाकला.

इथवरची गोष्ट ऐकून काही जण म्हणतील, बघा, शेवटी प्रेम जिंकलं. मला तसं म्हणायचं नाही. मला जे म्हणायचं आहे ते वेगळं आहे, आणि प्राणिप्रेमींना ते कदाचित आवडणार नाही.

जनावराला दुसरं घर देणं हे पाप नाही. घरात कुणाला दमा असेल, नोकरी गेली असेल, म्हातारं माणूस ओढल्याने पडत असेल, सांभाळणारं माणूसच आजारी पडलं असेल, तर दुसरं घर हा त्या जनावरासाठीही चांगला मार्ग असू शकतो. अशा माणसांना “पोटच्या पोराला दिलं असतं का?” असं विचारणारे स्वतः एक रात्र कान साफ करायला येत नाहीत. लाज वाटायला लावून जनावराची सेवा होत नाही. उलट लाजेपोटी माणूस खोटं बोलतो, नाहीतर रात्री गुपचूप कुत्र्याला घाटात सोडून येतो. हमरस्त्याच्या कडेला उभी असलेली, कातडी गेलेली जातिवंत कुत्री तुम्हीही पाहिली असतील. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६०च्या कायद्यात, उपासमार होईल अशा स्थितीत जनावराला विनाकारण सोडून देणं हा गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्याचा दंड आहे १० ते ५० रुपये. तेव्हा या बाबतीत कायद्याच्या धाकावर विसंबता येत नाही. भिस्त आहे ती आपल्या खरं बोलण्यावर.

म्हणून पाप असेल तर ते देण्यात नाही, लपवून देण्यात आहे. ॲलर्जीचं दुखणं लपवून दिलेल्या कुत्र्याचं काय होतं? नवा माणूस पहिल्यापासून सुरुवात करतो. पुन्हा कडुनिंब, पुन्हा स्टेरॉइड, पुन्हा पाच डॉक्टर. आम्ही दीड वर्ष हेच केलं, कारण मागच्या पानावरच्या सहा तारखांचा अर्थ आम्हाला कुणी सांगितला नव्हता. त्या एका वाक्याची किंमत शेवटी कुत्रीने कातडीने मोजली. आणि हे कुत्र्याचं तिसरं घर असेल, चौथं असेल, तर शेवटचा मुक्काम रस्ताच असतो.

दुसरी गोष्ट डॉक्टरांसाठी, आदराने. आमच्यासारख्यांना ‘आयुष्यभर’ हा शब्द पहिल्या-दुसऱ्या भेटीतच सांगा. गिऱ्हाईक घाबरून पळेल असं वाटत असेल, पण न सांगितल्याने ते तसंही पळतंच, दुसऱ्या डॉक्टरकडे. आणि माझ्यासारख्या मालकांनीही ‘कधी बरं होईल’ विचारायचं सोडून ‘रोज काय करायचं’ हे विचारावं. परवडत नसेल तर तसं स्पष्ट सांगावं. कमी खर्चाचा मार्ग अनेकदा असतो, पण आपण लाजेने गप्प बसतो. शिरवळ, परळ, नागपूर, परभणी, उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथेही विचारता येतं. पिल्लू विकत घेणाऱ्यांनी पिल्लाच्या आईबापांना खाजेचा त्रास आहे का, हे कागद बघायच्या आधी विचारावं. ही प्रवृत्ती रक्तातून पुढे जाते, आणि खाजवणाऱ्या कुत्रीची पिल्लं विकणारा माणूस त्या शेतावरच्या माझ्यापेक्षा फार मोठं खोटं बोलत असतो.

तिसरी गोष्ट आमच्या माणसांसाठी. कुत्रं असलेल्या घरात फरिश्ते येत नाहीत, हे मला गेल्या पावसाळ्यात निदान दहा जणांनी ऐकवलं. जिनी तुकतुकीत होती आणि त्यांची मुलं तिच्याशी अंगणात खेळत होती, तेव्हा यातल्या एकालाही हे आठवलं नव्हतं. धर्म आठवला तो वास यायला लागल्यावर. मी आलिम नाही. मालिकी मतानुसार कुत्रं नापाक नाही, शाफई मत कडक आहे, हनफी मध्ये कुठेतरी, एवढं मला माहीत आहे. ज्याने त्याने आपल्या मतानुसार पाकी सांभाळावी. माझी बायको सांभाळतेच. पण पाकीचा नियम हात धुवायला सांगतो. आजारी जनावरापासून हात झटकायला तो सांगत नाही.

तहानलेल्या कुत्र्यासाठी विहिरीत उतरून बुटातून पाणी आणणाऱ्या माणसाची हदीस तर सगळ्यांनाच पाठ आहे. मलाही तिचा आधार वाटतो. पण त्या अकरा रात्रींत माझ्या मनात आलं, की तो एकदा विहिरीत उतरला, कुत्रं पाणी प्यायलं आणि गेलं. त्याची अल्लाहने कदर केली, आणि ती योग्यच केली. आमच्या विहिरीला मात्र रोज उतरावं लागतं, आणि कुत्रं पुन्हा तहानलेलंच असतं. अशा रोजच्या उतरण्यात माणूस चिडतो, कंटाळतो, कधी बादली आपटतो. चिडलात म्हणून तुम्ही वाईट ठरत नाही, एवढं मला अशा सगळ्या मालकांना सांगायचं आहे. चिडूनही संध्याकाळची गोळी दिली असेल तर पुरे.

आता आमच्याकडे काय चाललंय ते सांगतो. जिनी बरी झालेली नाही. डॉक्टर बाईंनी खाजेला दहापैकी गुण द्यायला शिकवलंय. शून्य म्हणजे खाज नाही, दहा म्हणजे खाजवणं थांबतच नाही. गेल्या पावसाळ्यात आठ-नऊ होते, आता तीनच्या आसपास. भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये मुलगी ते आकडे लिहिते. त्यामुळे भडका उडायच्या आधीच, आकडा पाचावर गेला की आम्ही फोन करतो. मी फिरतीवर असलो की आंघोळीला शेजारचा कॉलेजचा मुलगा येतो, त्याला पैसे देतो. बायकोवरचं ते काम पूर्ण काढलं. खरं तर हे तीन वर्षांपूर्वीच सुचायला हवं होतं. जिनीची जागा पडवीत, नमाजच्या खोलीचं दार बंद. अम्मी रोज असरनंतर पडवीत खुर्ची टाकून बसते आणि रानीला गल्लीतल्या बातम्या सांगते.

उद्या आमच्याच्याने झालं नाही तर? तीही वेळ येऊ शकते. अम्मीचं वय झालंय, नोकरीचा भरवसा कुणाला आहे? म्हणून एक मजकूर मी आत्ताच लिहून तिच्या फायलीत ठेवलाय. बायकोने तो वाचला आणि त्यात ‘कानांचा वास येतो’ हे स्वतःच्या हाताने घातलं. मजकूर असा आहे:

‘लॅब्रॅडॉर, मादी, नाव जिनी, रानी म्हटलं तरी येते. प्रेमळ आहे, राखण करत नाही. त्वचेची ॲलर्जी आहे, ती आयुष्यभर राहील. तिच्यापासून माणसांना लागण होत नाही. रोज गोळी, आठवड्यातून दोन आंघोळी, कानांची सफाई. पावसाळ्यात जास्त त्रास होतो, कानांचा वास येतो. महिन्याचा खर्च सहा हजारांच्या आसपास. पहिल्या दिवसापासूनची सगळी फाइल सोबत देऊ, डॉक्टरांशी गाठ घालून देऊ. आधी महिनाभर ठेवून बघा. जमलं नाही तर कधीही, कितीही दिवसांनी, आम्ही येऊन परत नेऊ.’

हे वाचून फोन येतील का, माहीत नाही. पण आला तर तो माणूस तिला घ्यायला आलेला असेल.